अप्पा, तुमच्या प्लेअरबद्दल

अप्पा,

गाणी ऐकायच्या प्लेअरसाठी तुम्ही घातलेल्या चार अटींचा कागद अजून दुकानात काउंटरच्या काचेखाली आहे. वाया गेलेल्या झेरॉक्सच्या पाठीवर, निळ्या पेनानं लिहिलेला. एक: केबल लावली की पेनड्राइव्हसारखा उघडला पाहिजे, मधे कोणाचं सॉफ्टवेअर नको. दोन: ओग फायली जशाच्या तशा वाजल्या पाहिजेत. तीन: दाबायची बटणं पाहिजेत, काच नको. चार: नावं मराठीत दिसली पाहिजेत. बाबांनी, तुमच्या धाकट्या भावानं, तो कागद पहिल्यांदा वाचला तेव्हा म्हणाले होते, "अप्पा, एवढ्या अटी तर तुमी माझ्या लग्नात बी घातल्या न्हवत्या." तुम्ही चष्म्यावरून बघत म्हणालात, "म्हणून तर तसं झालं." आई आत होती. तिनं ऐकलं आणि दोन दिवस तुम्हाला बिनसाखरेचा चहा दिला.

आज तुम्हाला जाऊन सतरा दिवस झाले. सतरंज्या परत गेल्या. मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे, आणि गंमत अशी की ती तुम्हाला माहीत आहे. आज सकाळपर्यंत तुम्ही आणि मी सोडून ती कुणालाच माहीत नव्हती. पण थेट तिथं जायचं धाडस होत नाही. म्हणून आधीचं लिहिते.

मी पाचवीत होते तेव्हा कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून दुकानाच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागला आणि टाइप केलेलं सगळं गेलं. अर्ज, लग्नपत्रिका, कुणाचा तरी अर्धा प्रबंध. परभणीच्या तुमच्या ओळखीच्या एका सरांनी तुम्हाला सीडी दिली. तिच्यावर विंडोजऐवजी टाकायचं लिनक्स होतं. फुकट आहे, मोकळं आहे, कुणीही वापरा, आत काय चाललंय ते कुणीही उघडून बघा, असं ते सर म्हणाले. 'मोकळं' हा शब्द तुम्हाला असा काही आवडला की मानवतच्या त्या रस्त्यावर, बी-बियाणांच्या आणि कापडाच्या दुकानांच्या मधे, आपलं एकच दुकान असं राहिलं जिथल्या कॉम्प्युटरसमोर बसल्यावर गिऱ्हाईक गोंधळायचं.

"काका, हे कसलं हो? स्टार्ट कुठंय याचं?"

"स्टार्ट करायला मी बसलोय न्हवं. तू नाव सांग, आडनाव सांग."

मी इंग्रजी शाळेतून परत आले की दुकानात कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचे. घरी पाहुणे असले तर जास्तच. मला लोकांशी बोलता येत नाही हे तुम्ही कधी कुणाजवळ बोलून दाखवलं नाहीत. बाकी सगळे दाखवायचे. "इंग्लिश मीडियमला घातलं अन् पोरगी मुकी झाली," असं एका आत्यानं माझ्यासमोर म्हटलं होतं. तुम्ही तिला म्हणालात, "मुकी न्हाई, ती तोलायलीय." काय तोलतेय ते मलाही माहीत नव्हतं. पण बरं वाटलं.

मग काकू गेल्या. मी नववीत होते. महिनाभरानं तुम्ही कपाटातून बुटाचा खोका काढलात. त्यात एकोणीस कॅसेटी. श्रावण सोमवारी बसवेश्वरांच्या देवळात बायकांचं भजन असायचं, काकू पुढं बसून म्हणायच्या, आणि तुम्ही टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन पुरुषांच्या बाजूला. वर्षानुवर्षं. टेपा चिकटायला लागल्या होत्या. तुम्ही टेपरेकॉर्डरपासून कॉम्प्युटरपर्यंत एक वायर ओढलीत आणि एकेक कॅसेट भरायला सुरुवात केलीत. पाऊण तासाची एक बाजू भरायला पाऊण तासच लागतो. घाई करता येत नाही. एकोणीस कॅसेटी, अडतीस बाजू, अडतीस फायली. प्रत्येकीला तुम्ही मराठीत नाव दिलंत. '०१ प्रवचन', '०२ प्रवचन', '०३ प्रवचन', कारण पहिल्या दीड कॅसेटीत देवळात आलेले एक महाराज बोलत होते. तुम्ही ते कधी ऐकलं नाही. "महाराज लय बोलतात," म्हणायचात आणि पुढं पळवायचात. '०४'पासून काकू.

त्या दुपारी तुम्ही शटर अर्धं ओढायचात आणि मला सांगायचात, "टेप चालू हाय. बोलायचं न्हाई." मी बसायचे. तुम्ही बसायचात. पडद्यावर आवाजाची हिरवी पट्टी वर-खाली व्हायची. मला आयुष्यात एवढं निवांत कुठंच वाटलं नाही.

कॉलेजात गेल्यावर मला कळलं की वायरीतून भरताना खोलीतला आवाज आत जातच नाही. तुमचं-माझं बोलणं त्या फायलींत आलंच नसतं. सुट्टीत आल्या-आल्या मी ते तुम्हाला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. तुम्ही एका बाईच्या आधारकार्डाची झेरॉक्स काढत होता. वळलाही नाहीत.

"मला म्हाईत हाय की."

"मग गप्प का बसवायचात?"

"तुला बरं वाटायचं म्हणून."

झेरॉक्सचं झाकण आपटून तुम्ही पुढचं पान ठेवलंत. आज वाटतं, निदान 'हो, वाटायचं' एवढं तरी म्हणायला हवं होतं.

तुम्हाला प्लेअर हवा होता कारण दुकानात बसवेना झालं होतं. दोन जिने चढले की दम लागायचा, मग एक जिना, मग उंबरा. घरी पलंगावर पडून काकूंचं भजन ऐकावं एवढीच इच्छा. फोनवर घ्या, असं मी म्हटलं. तुमचा साधा बटणाचा फोन. "गाणं रंगात आलं की कुणाचा तरी फोन येतो, अप्पा फॉर्मची शेवटची तारीख कधी. तसलं नको." मग मी म्हटलं, निदान फायली एमपीथ्री करून घ्या, ते कशावरही वाजतं. तुम्ही भरताना ओग नावाच्या प्रकारात साठवलं होतं, कारण ते मोकळं होतं. बाजारातले निम्मे प्लेअर त्याला ओळखत नव्हते.

"बदललं की झिजतं," तुम्ही म्हणालात.

"ऐकू येणार नाही इतकं थोडं, अप्पा."

"तुला न्हाई येणार. टेपमदी एकदा झिजलाय आवाज तिचा. आता आपल्या हातानं अजून झिजवू का?"

यावर आपण तीन महिने भांडलो. फोनवर, बहुतेक रविवारी. मी पुण्याला नोकरीला लागले होते. मला खरंच वाटायचं की तुम्ही हटवादी आहात, जगाची सोय असताना अडचणीत जायची तुम्हाला हौस आहे. मी म्हणायचे, एक ॲप घ्या, महिन्याला पैसे भरा, जगातली सगळी गाणी मिळतात. तुम्ही म्हणायचात, "जगातली मिळतात. माझ्या घरातली मिळतात का?" मी विषय बदलायचे.

आणि मग मी ती चूक केली. पगारातून साठवलेल्या पैशांत, तुम्हाला न विचारता, एक सुंदर प्लेअर घेतला. काळा, काचेचा, बोट फिरवलं की उजळणारा. चार अटींपैकी एकही त्यात बसत नव्हती. पण मला वाटलं, वस्तू समोर आली की अटी विसरतील. इतरांचं तसं होतं.

तुम्ही दुकानाच्या कॉम्प्युटरला तो लावलात. काही उघडलं नाही. मी माझ्या लॅपटॉपवर लिनक्समध्ये प्रयत्न केला, तेव्हाही नाही. डबीतला कागद म्हणत होता, आमचं सॉफ्टवेअर आधी टाका, आणि ते विंडोजवरच चालायचं. मदतीच्या नंबरवर मी फोन केला, अनोळखी माणसाशी बोलायचं म्हणून आधी वाक्यं वहीत लिहून. पलीकडचा माणूस म्हणाला, "मॅडम, लिनक्स म्हणजे कोणतं मॉडेल?"

दुकानात तेव्हा बाबा होते, दोन गिऱ्हाइकं होती. तुम्ही तो काळा तुकडा हातात धरून उलटसुलट बघितलात आणि म्हणालात, "पोळ्याचा बैल हाय हो. सजवलाय झकास. चालत तेवढा न्हाई."

सगळे हसले. बाबा सगळ्यांत जास्त. तुम्हीसुद्धा हसलात, पण लगेच माझ्याकडं बघितलंत, आणि तुमचा चेहरा उतरला, ते मी पाहिलं. पाहूनसुद्धा मी बॅग उचलली, घरी गेले, खोलीचं दार लावलं, आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं पुण्याला निघून गेले.

दोन महिने मी तुमच्याशी बोलले नाही. दर रविवारी तुमचा फोन यायचा. मी कामात आहे असं लिहून पाठवायचे. एकदा तुमचा मेसेज आला. मराठी मराठी अक्षरांतच लिहायचं म्हणून माझ्यामागं लागणारे तुम्ही, त्या साध्या फोनवर इंग्रजी अक्षरांत एकेक बटण तीन-तीनदा दाबून लिहिलं होतंत: गवरा, रागावलीस का. गौरीची गवरा तुम्हीच केली होती. मी तो वाचला. पुन्हा वाचला. उत्तर दिलं नाही. का दिलं नाही याचं कारण मी शोधते आहे. राग तोवर संपला होता. पण राग संपल्यावर दार कसं उघडायचं हे मला कुणी शिकवलं नाही, असं मी म्हणणार होते. ते खरं नाही. तुम्ही बाहेरून उघडतच होता.

मग बाबांचा फोन आला. अप्पांना नांदेडला नेलंय. फुप्फुसांत पाणी आहे. डॉक्टर म्हणतात, बोलू देऊ नका.

त्या रात्रीपासून मी प्लेअर शोधायला लागले, आणि या वेळी कागद समोर ठेवून. फोटो काढून ठेवलेला होता कागदाचा, भांडणाच्या काळात तुम्हाला चिडवायला. लिनक्स वापरणाऱ्यांच्या गप्पांच्या पानांवर लोक वर्षानुवर्षं हेच विचारत आले आहेत, अप्पा, तुम्ही एकटे नव्हता. कोणता प्लेअर नुसता डिस्कसारखा दिसतो, कोणत्यात ओग चालतं, कोणता कंपनीच्या सॉफ्टवेअरशिवाय जगतो. नव्यांपैकी एकही अटींत बसेना. शेवटी एक जुना सापडला, पुण्यातल्याच एका बाईंनी विकायला काढलेला. करड्या रंगाचा, काड्यापेटीपेक्षा जरा मोठा, पाच बटणं. मी त्यांना भेटायला चहाच्या टपरीवर लॅपटॉप घेऊन गेले. त्या हसल्या. "एवढी तपासणी?" "काकांसाठी आहे," मी म्हटलं. केबल लावली. पेटी उघडावी तसा उघडला. लॅपटॉपवर तुमची एक फाइल होती, '०१ प्रवचन', नमुना म्हणून तुम्ही पाठवलेली. ती टाकली. महाराज बोलायला लागले. नाव मराठीत दिसलं. अक्षरं थोडी विस्कटलेली, पण वाचता येत होती. टपरीवर उभी राहून मी रडले. त्या बाईंना काय वाटलं असेल.

आता ते.

बाकीच्या फायली दुकानाच्या कॉम्प्युटरवर होत्या. म्हणून मी पुण्याहून आधी मानवतला उतरले. बाबा जीप घेऊन आले होते. दुपारच्या गाडीनं मानवत रोड स्टेशनवरून नांदेडला जायचं. मी दुकान उघडलं, प्लेअर लावला, अडतीस फायली उचलून त्यात टाकल्या. पट्टी भरत गेली. बाहेर हॉर्न वाजला.

तुम्ही दुकानात काय करायचात ते मला माहीत होतं. लिनक्सवर पट्टी भरली म्हणजे काम झालं असं नसतं. खरं लिहिणं मागं चालू असतं. 'बाहेर काढा' हे बटण दाबायचं, आणि 'आता काढायला हरकत नाही' असं येईपर्यंत थांबायचं. जुन्या वस्तूंना फार वेळ लागतो. गिऱ्हाइकांनी घाईनं पेनड्राइव्ह उपसू नये म्हणून तुम्ही त्यावर तळहात ठेवून बसायचात, कोंबडी झाकावी तसा. "थांब. अजून लिहायलाय ते." लोक वैतागायचे. "काका, शंभर टक्के दाखवलं की." "ते दाखवायलाय. लिहायलाय वेगळंच." हे मी हजार वेळा ऐकलं असेल.

पट्टी भरली. पुन्हा हॉर्न. मी केबल ओढली.

जीपमध्ये पहिली फाइल लावून बघितली. महाराजांचा आवाज खणखणीत. बंद करून पिशवीत ठेवला. परभणी गेलं, पूर्णा गेलं, गाडी चुडाव्याला उगाच थांबून राहिली, आणि मी पिशवी पोटाशी धरून बसले होते. वाटत होतं, या वेळी बरोबर आणलंय.

वॉर्डात तुम्ही इतके लहान दिसलात. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. मला बघून तुमचे डोळे हलले. दोन महिन्यांबद्दल मी काही बोलले नाही. प्लेअर दाखवला. तुम्ही हातात घेतलात, बटणं दाबून बघितलीत, पाचही. मास्क बाजूला करून म्हणालात, "अटी?"

"चारही."

तुम्ही माझा हात दाबलात. मी इअरफोन तुमच्या कानात घातले. तुम्ही चालू केलात. थोडं ऐकलंत. मग पुढचं बटण दाबलंत. पुन्हा पुढचं. पुन्हा. किती तरी वेळ. मला वाटलं, हवं ते भजन शोधताय. मग तुमचं बोट थांबलं आणि तुम्ही माझ्याकडं बघितलंत. बराच वेळ.

"लागलं?" मी विचारलं. "काकू आल्या?"

तुम्ही मान हलवलीत. होकारार्थी.

अकरा दिवस. रोज सकाळी तुम्ही ते कानात घालायचात, डोळे मिटायचात आणि एका बोटानं चादरीवर ठेका धरायचात. शेजारच्या खाटेवरचे पाथरीचे शेतकरी विचारायचे, "काय ऐकायलाव, मालक?" तुम्ही मास्क उचलून म्हणायचात, "घरातलं." नर्स कौतुक करायची. मी एकदाही म्हटलं नाही, मला एक कान द्या. तो तुमचा आणि काकूंचा वेळ आहे, असं मला वाटायचं. मला स्वतःच्या त्या नाजूकपणाचं थोडं कौतुकसुद्धा वाटायचं.

एकदा, सहाव्या दिवशी, तुम्ही विचारलंत, "गवरा, दुकानात कवा जायलीस?"

"दुकानाचं काय आता अप्पा? बाबा बघतायत. आराम करा."

आठव्या दिवशी पुन्हा. "एक चक्कर मारून येशील का दुकानात?"

तेव्हा मी कशी म्हणाले ते मला ऐकू येतं अजून. "अप्पा, प्लीज." बस. त्या दोन शब्दांत मी माझं नेहमीचं दार लावलं. तुम्ही "बरं" म्हणालात. पुन्हा विचारलं नाहीत.

तुम्ही गेलात तेव्हा मी खाली औषधं आणायला गेले होते. वर आले तर बाबा पलंगाजवळ उभे. तुमच्या एका कानात इअरफोन तसाच होता. बाबा रडत म्हणाले, "वहिनीचं गाणं ऐकत गेले गं. ऐकत ऐकत गेले."

मीही तेच मानलं. तुम्हाला लिंगायत रीतीनं बसवून नेलं, भस्म लावून, बेल वाहून, मांडी घालून. तळहातावर इष्टलिंग ठेवलं. बाबांनी विधी करणाऱ्या स्वामींना विचारलं, हा प्लेअर समाधीत सोबत ठेवू का. स्वामी म्हणाले, सोबत एवढंच जातं. म्हणून तो माझ्याकडे राहिला.

पाचव्या दिवशी दुकानाचं शटर अर्धं उघडून मी आत बसले. मला काकूंचा आवाज ऐकायचा होता, जो ऐकत तुम्ही गेलात तो. प्लेअर कॉम्प्युटरला लावला. अडतीस नावं, तुमच्या हातची. '०१ प्रवचन', '०२ प्रवचन', '०३ प्रवचन' नीट होत्या. '०४'पुढं आकाराच्या जागी शून्य. खाली सरकवत गेले. शून्य, शून्य, शून्य. पस्तीस फायली, नुसती नावं. आत काही लिहिलंच गेलं नव्हतं.

गणित मांडायला वेळ लागला नाही. तुम्ही पहिल्याच दिवशी, माझ्यासमोर, त्या पस्तीस रिकाम्या फायलींवरून बटण दाबत गेला होता. तेरा-चौदा वर्षं लोकांच्या पेनड्राइव्हवर हात ठेवून बसलेल्या माणसाला काय झालंय ते त्या क्षणी कळलं होतं. तुम्ही वर बघितलंत, मी विचारलं, काकू आल्या का, आणि तुम्ही मान हलवलीत. नंतर अकरा दिवस तुमच्या कानात एकतर काहीच नव्हतं, नाहीतर ते महाराज होते, ज्यांना तुम्ही जन्मभर पुढं पळवलंत.

अप्पा, का नाही सांगितलंत?

तुम्हाला मला दुखवायचं नव्हतं, असं लोक म्हणतील. मी स्वतःला चार दिवस हेच सांगितलं. पण मी तोलून बघितलं आणि ते पुरत नाही. नांदेडहून मानवत किती लांब? सकाळी निघाले असते तर संध्याकाळी पस्तीस फायली घेऊन परत आले असते. तुम्हाला ते माहीत होतं. म्हणून तर दोनदा दुकानाचं विचारलंत. पण सरळ बोलला नाहीत, कारण मागच्या वेळी एक वस्तू चालत नाही असं म्हणालात, तर मी दोन महिने नाहीशी झाले होते. या वेळी तुमच्याकडं दोन महिने नव्हते. काकूंचा आवाज की समोर बसलेली मी, असं तुम्हाला निवडावं लागलं, आणि ती निवड करायला मी लावली. माझ्या गप्प बसण्याला तुम्ही भ्यालात. मरायला टेकलेला माणूस एका चोवीस वर्षांच्या मुलीला भ्याला.

हे कळूनही मी बारा दिवस गप्प राहिले. येईल त्याला बाबा सांगत होते. फोनवर, दारात, देवळात. "वहिनीचा आवाज ऐकत गेले." रडताना त्यांना धरायला तेवढी एकच गोष्ट होती. नवव्या दिवशी भजनाच्या बायका आल्या. त्यातल्या एका आजींनी माझे गाल धरले. "तू ऐकवलंस म्हनं त्याला. लय पुण्य लागलं तुला, बाई." मी चहाचे कप गोळा केले. मी बोलत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. माझा लाजरेपणा कधी नव्हे तो कामाला आला.

तुमचे आभार मानावेत असं खूप आहे. स्टुलाचे, अर्ध्या शटरचे, 'तोलायलीय' या शब्दाचे. हे मराठीत लिहिते आहे त्याचेही. पण आभार लिहायला लागले की ते शून्य डोळ्यांपुढं येतात आणि पेन थांबतं. मला तुमचा राग येतो, अप्पा. तुम्ही माझ्यावर ओरडायला हवं होतंत. "खाली हाय हे, जा, परत भरून आण." एवढंच. मी रडले असते, रुसले असते, पण गेले असते. मला वाटतं गेले असते. ही खात्री आता कधीच होणार नाही.

आज सकाळी बाबांना सांगितलं. दुकानातच. कॉम्प्युटर लावून दाखवलं, कारण तोंडानं जमेना. त्यांना आधी कळलंच नाही.

"म्हंजे वहिनी?"

"नाही. एकही नाही."

"मंग अप्पा ऐकत काय होते?"

"प्रवचन. नाहीतर काही नाही."

मग मी बाकीचंही सांगितलं. केबल, दुकानाबद्दल दोनदा विचारलेलं, मी काय उत्तर दिलं ते. आणि तुम्ही सरळ का बोलला नसाल, मला काय वाटतं, ते. जीपचा हॉर्न कोण वाजवत होतं ते मी सांगितलं नाही. ते कारण नव्हे. केबल माझ्या हातानं ओढली.

बाबा खुर्चीत बसले. मग उठले. "तुला कवा कळलं?"

"पाचव्या दिवशी."

"अन् आज सतरावा. मी साऱ्या मानवतला सांगत फिरलो, गौरी. मला कुणी थांबवलं न्हाई. तू समोर उभी होतीस, चहा द्यायलीस लोकांला." त्यांचा आवाज चढत गेला. रस्त्यावरचा एक जण आत डोकावून निघून गेला. "लहानपणापासून बघायलोय. काही झालं की आत जायचं, दार लावायचं. मानूस बाहीर उभा राहून उभा राहून थकतो, तरी तुझं..." त्यांनी शब्द गिळला.

माझी बॅग खांद्यावर होती. घर चार पावलांवर आहे आणि माझ्या खोलीला आतून कडी आहे. पाय तिकडंच वळत होते, मी खोटं बोलणार नाही.

मी बॅग खाली ठेवली. स्टूल ओढलं आणि बाबांच्या समोर बसले.

"बोला, बाबा," मी म्हटलं. "सगळं बोला."